गुलाबबाईंच्या रास्त गरजा

गेल्या महिन्यात सुनंदाताई आमच्या ऑफिसात आल्या होत्या. हातात त्यांच्या वहिनीचा, गुलाबबाईंचा, मृत्यूचा दाखला होता. साहेबांनी तो उलटसुलट बघितला, चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, "ताई, अब कुछ करना नहीं है. त्यांचा हक हयातीपर्यंत होता. खतम झाला. घर पूरा आपका."

"हो, मला माहीत आहे," सुनंदाताई म्हणाल्या. पण उठेनात. चहा आला, तो संपला. साहेबांनी दोन फोन केले. एक नवा अशील दारात येऊन उभा राहिला. तरी त्या पर्स मांडीवर धरून बसूनच. खरं तर त्या आमच्या अशीलसुद्धा नव्हत्या. आम्ही त्यांच्याविरुद्ध केस लढलो होतो. अर्ध्या तासानं त्या "बरं, येते" म्हणाल्या आणि गेल्या.

"ये क्यूँ आई थी?" साहेबांनी मला विचारलं.

मला काय माहीत! पण त्या दिवशी एका साध्या अर्जात माझ्याकडून तीन चुका झाल्या, आणि माझ्याकडून चुका होत नाहीत. बावीस वर्षं मी उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, या सिंधी वकील साहेबांकडे टायपिंग करते. साहेबांचं कायद्याचं डोकं तल्लख, पण त्यांचं मराठी बाजारातलं. म्हणून अशिलाचं मराठी ऐकून त्याचं कोर्टाचं मराठी करणं हे माझं काम. माणसं रडत सांगतात, मी समास सोडून टाइप करते. कोणाचा दावा मला कळला नाही असं सहसा होत नाही. गुलाबबाईंचा कळला नाही. त्यांचा दावा मी तीनदा टाइप केला, तरीही.

पहिल्यांदा आल्या तेव्हा पावसाळा तोंडावर होता. साठीच्या आसपासची, काळीसावळी, काटक बाई. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात कागदात गुंडाळलेली शेवळांची जुडी. त्या बदलापूरच्या पलीकडून, बारवी धरणाच्या रस्त्यावरच्या गावातून आल्या होत्या. खुर्ची पुढे केली तर म्हणाल्या, "खुर्चीवर बसून मना बोलाला नाय येत," आणि फायलींच्या कपाटाला टेकून खाली बसल्या. शेवळांची जुडी साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"ये क्या है?" साहेब.

"भाजी हाय, वकीलदादा. काकडाची आंबट फळं पन घातल्यात संगती. त्याबिगर शिजवू नका, घसा खाजल."

"बाई, फीस का बाद में देखेंगे, ये सब नहीं चाहिए."

"फी नाय ती. कोनाच्या दारी सुन्या हातानं जाऊ नये म्हनून आनली."

भाजी अर्थातच माझ्या पिशवीत आली. गुलाबबाई पुढची तीन वर्षं एकदाही रिकाम्या हातानं आल्या नाहीत. करवंदं, टाकळा, अळूची पानं, काहीच नसलं तर अबोलीचा गजरा. आणि निघताना त्या उंबऱ्याशी थांबून राहायच्या. मला वाटायचं, काही विचारायचं राहिलं असेल. नंतर समजलं की जाणाऱ्याच्या हातावरही काहीतरी ठेवायचं असतं. मग मी त्यांना चहाबरोबरची दोन बिस्किटं कागदात बांधून द्यायला लागले. त्या दिवसापासून मी त्यांची "ताय" झाले.

हकिगत सरळ होती. गुलाबबाई सोळाव्या वर्षी त्या घरात सून म्हणून आल्या. सासू आधीच गेलेली, घरात सासरा, नवरा आणि पाच वर्षांची नणंद सुनंदा. मूलबाळ झालं नाही. नवरा अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला होता, तो चाळिशीत काविळीनं गेला. सुनंदा शिकली, लग्न होऊन शहाडला फ्लॅटमध्ये गेली. म्हाताऱ्या सासऱ्याचं सगळं गुलाबबाईंनीच केलं. शेवटची दोन वर्षं तर ते सुनेलाच "आये" म्हणायचे. ते वारले आणि त्यांचं रजिस्टर केलेलं मृत्युपत्र निघालं. घर, भातशेती, कामगारांना भाड्यानं दिलेल्या खोल्या, सगळं मुलीला. सुनेला हयातीपर्यंत मागची पडवी आणि दोन वेळचं जेवण.

आता सुनंदाताई किंवा त्यांचा नवरा काही दुष्ट नव्हता, हे आधीच सांगते. कोर्टाच्या कामात दुष्ट माणसं भेटली की बरं वाटतं, काम सोपं होतं. सुनंदाताईंचा नवरा कारखान्यात अधिकारी, कागदाप्रमाणे वागणारा माणूस. मृत्युपत्रात दोन वेळचं जेवण लिहिलं होतं, तर त्यानं खानावळीतून दोन वेळचा डबा लावून दिला. वेळेवर यायचा, गरम असायचा. पुढचं घर मोकळं ठेवून काय करायचं म्हणून स्वयंपाकघरासकट कुलूप घातलं. पडवी गळत होती, ती पत्रे बदलून दिली. यात चूक कुठे काढणार?

"मग तकलीफ काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"चूल नाय," गुलाबबाई म्हणाल्या.

"पण जेवण तर येतं ना?"

"येतं की. पोटभर येतं. पन चूल नाय."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी साहेबांकडे. एवढ्यावर दावा उभा राहत नाही. पण साहेबांना कायद्यात वाट सापडली. मेलेल्याची मिळकत ज्याला मिळते, त्यानं मेलेल्यावर अवलंबून असलेल्या माणसांना सांभाळायचं असतं. विधवा सून त्यात येते. मृत्युपत्रात ठेवलेली तरतूद अपुरी असेल तर कोर्टाकडे जास्त मागता येतं, आणि कोर्ट काय काय बघतं तर मिळकत केवढी, मयताशी संबंध कसे होते आणि अर्जदाराच्या रास्त गरजा कोणत्या. साहेब खूश झाले. "बाई, चूल छोड़ो. पूरा माँगेंगे. वीणा, गरजांची यादी घे."

ती यादी घेताना माझं डोकं फिरलं. मी पॅड घेऊन त्यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि विचारलं, "तुमच्या गरजा सांगा. कपडे?"

"मना दोन लुगडी हायत."

"औषधपाणी?"

"मी कवा आजारी नाय पडत."

"बरं, मग काय हवंय ते तुम्हीच सांगा."

त्या भराभर सांगायला लागल्या आणि मी लिहीत गेले. नव्या तांदळाची एक गोण. सुके बोंबील, सोडे. पापड-कुरडयांचं सामान. वर्षाला दोन साड्या, "बऱ्यातल्या, नायलॉन नको." खणाचं कापड. नारळ. एक चांगली गादी, "खाली निजायची सवय नाय आता." गोड तेलाची बाटली डोक्याला. आणि स्वयंपाकघर, पुढचं, चुलीसकट.

मी टाइप करायला बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं. दोन लुगड्यांत भागवणाऱ्या बाईला बऱ्यातल्या साड्या कशाला? जन्मभर जमिनीवर झोपणारीला गादी? मी परत विचारलं. गुलाबबाई जरा लाजल्या.

"ते माझं नाय गो. सुनंदा येल तवा लागल ना."

"कोण सुनंदा? प्रतिवादी?"

"प्रतिवादी काय म्हनतेस गो? नणंद माझी."

म्हणजे बाई नणंदेवर दावा लावत होती, आणि कशासाठी, तर नणंदेचं माहेरपण करता यावं म्हणून! मी हे साहेबांना हिंदीत समजावून सांगितलं. त्यांनी पाच मिनिटं विचार केला. म्हणाले, "लेकिन घर तो उसी का है. मालकीण आपल्याच घरी पाहुणी कशी येणार?" मी म्हटलं, हेच मी त्यांना विचारलं. "तो क्या बोली?" त्या म्हणाल्या की मालकीण झाली म्हणून काय तिला माहेर नको?

मला हे सगळं अतीच वाटलं, कबूल करते. माझं माहेर अंबरनाथला, रिक्षानं पंधरा मिनिटांवर. आई रोज फोनवर भांडते. माहेर या गोष्टीचं मला कधी कौतुक वाटलं नव्हतं. मी यादीतून गादी, साड्या, तेल उडवलं आणि त्या जागी 'अन्न, वस्त्र, निवारा व वैद्यकीय खर्च' असं स्वच्छ टाइप केलं. गुलाबबाईंना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे कोनाचं हाय?"

दावा दाखल झाला, समन्स गेलं, आणि पहिल्या तारखेच्या आतच डब्याचं प्रकरण झालं. दुसऱ्या बाजूच्या वकिलानं लेखी तक्रार दिली की वादी ही प्रतिवादीच्या कुटुंबावर करणी करते. खानावळवाल्याला परत गेलेल्या डब्यात रोज काहीतरी सापडत होतं. कधी लिंबू, कधी दोन हिरव्या मिरच्या, एकदा हळकुंड. तो माणूस घाबरला आणि त्यानं डबा बंद करायची धमकी दिली. सुनंदाताईंचा शिकलासवरला नवराही चरकला होता, हे त्या तक्रारीच्या भाषेवरून कळत होतं.

साहेब भडकले. "बाई, ये क्या जादू-टोना!"

गुलाबबाई म्हणाल्या, "जेवान घालतो तो मना. त्याचा डबा रिकामा कसा पाठवू? अंगनात लिंबू हाय, मिरची हाय, ती टाकली. दुसरं काय हाय माझ्याकडं?"

साहेबांनी कपाळावर हात मारला आणि खुलासा करायला सांगितला. तो खुलासा मी टाइप केला. 'सदर लिंबू व मिरच्या या सद्भावनेने ठेवण्यात आल्या होत्या.' माझ्या आयुष्यातलं इतकं खरं आणि इतकं खुळं वाक्य मी दुसरं टाइप केलेलं नाही. टाइप करताना मला हसू येत होतं आणि घरी गेल्यावर का कोण जाणे वाईट वाटत होतं.

तारखांना तर मजाच असायची. कोर्टाच्या बाहेर व्हरांड्यात एका बाकावर आम्ही, समोरच्या बाकावर ते. सुनंदाताई पन्नाशीला आलेल्या, ड्रेस, चष्मा, हातात फाइल, ओठ घट्ट मिटलेले. वहिनीकडे बघायच्याच नाहीत. गुलाबबाई मात्र त्यांच्याकडेच बघत बसायच्या आणि मला खालच्या आवाजात बातम्या द्यायच्या. "वाळलीय गो. केस बघ किती गळलेत. हिच्या केसांना मी पाट्यावर वाटून शिकेकाय लावाची." मग कमरेच्या पिशवीतून एक पुडी काढायच्या. मीठ लावलेली कैरी, नाहीतर चिंच. "तू दे गो तिला. मी दिली तर वकीलदादा रागवतात."

आणि मी, इतक्या वर्षांची नोकरी झालेली बाई, वादीकडून प्रतिवादीकडे चिंचेची पुडी घेऊन जायची. पहिल्या तारखेला सुनंदाताईंनी हात मागे घेतला. दुसऱ्या तारखेला पुडी घेऊन पर्समध्ये टाकली. तिसऱ्या वेळी त्यांचा नवरा फोनवर बोलायला जिन्यापाशी गेला तेव्हा त्यांनी पाठ फिरवून एक फोड तोंडात टाकली. गुलाबबाईंनी मला कोपरानं ढोसलं. त्या दिवशी तारीख पुढे ढकलली गेली, कामकाज काही झालं नाही, पण गुलाबबाई एस.टी. स्टँडपर्यंत बोलतच होत्या.

मग उलटतपासणी आली. साहेबांनी त्यांना आठवडाभर शिकवलं होतं. जास्त बोलायचं नाही, हो किंवा नाही. गरज विचारली तर सांगायचं, भागत नाही. गुलाबबाई मान डोलवायच्या. न्यायाधीश बाई होत्या, शांत, पेन टेकवून ऐकणाऱ्या.

समोरचा वकील गोड बोलणारा होता. "आजी, दोन वेळचा डबा येतो?"

"येतो."

"पोट भरतं?"

"भरतं. उरतं पन."

साहेबांनी डोळे मिटले.

"मग तुमच्या सगळ्या गरजा भागतात, असं म्हणायचं का?"

"माझ्या भागतात."

वकिलाचा चेहरा फुलला. तिथेच थांबला असता तर केस तिथेच संपली होती. पण माणसाला हाव असते. "मग आजी, हा दावा लावला कशाला?"

"तिची भागत नाय ना."

"कोणाची?"

गुलाबबाईंनी बोट दाखवलं. कोर्टातले सगळे वळून सुनंदाताईंकडे बघायला लागले. वकील गोंधळला, त्यानं आपल्या फाइलमध्ये बघितलं. टंकलेखक थांबला. न्यायाधीश बाईंनी विचारलं, "आजी, त्या प्रतिवादी आहेत. घर, शेत सगळं त्यांना मिळालंय. त्यांची कोणती गरज भागत नाही?"

"ती येते बाय, स्कुटीवरून. अंगनात उभी रहाते. भाडं घेते, नळ बघते, आन उभ्या उभ्या जाते. पानी पन पीत नाय. पिल कशी? पडवीत बोलवून मी तिला काय देऊ, खानावळीतला भात? आधी दोन दीस रहाची. दुपारी पोटावर पडून निजायची. आता तिला कुठं निजाला जागा हाय?"

न्यायाधीश बाईंनी सुनंदाताईंना उठवलं. "तुमचं काय म्हणणं आहे?"

सुनंदाताईंचा आवाज चिरका आला. "मॅडम, मी वहिनीला पहिल्या दिवसापासून सांगतेय, इथे एकटी राहू नकोस, माझ्याकडे शहाडला ये. मी सांभाळते. ती ऐकत नाही."

"आजी, ही बाई तुम्हाला घरी न्यायला तयार आहे. मग का जात नाही?"

"मी तिकडं गेले तर ती इकडं कोनाकडं येल?" गुलाबबाई म्हणाल्या.

हे वाक्य नोंदवायचं की नाही, यावर दोन्ही वकिलांत थोडी बाचाबाची झाली. न्यायाधीश बाईंनी नोंदवून घेतलं, आणि म्हणाल्या, "तडजोड होते का बघा."

बाहेर आल्यावर साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले की केस गेली. गरज भागते असं बाई शपथेवर सांगून बसली. निकाल लागला तर पडवी आणि डबा, बस. आता तडजोडीतून मिळेल तेवढंच तिचं.

सुनंदाताईंच्या नवऱ्याला खरं तर जिंकलेली केस सोडायची नव्हती. पण पुढच्या तारखेला सुनंदाताई एकट्याच आल्या आणि वकिलाला म्हणाल्या, स्वयंपाकघर द्यायचं, पुढच्या घरासकट. शेतातलं भात लागेल तेवढं द्यायचं. मी आमच्या ऑफिसात तडजोडीचा कागद टाइप केला. छान झाला होता, दीड पान, एकही खाडाखोड नाही. सगळे जमले. गुलाबबाईंना वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, "आन ती कवा येल ते?"

"ते कुठे लिहायचं असतं?" मी म्हटलं.

"लिव ना गो. गौरीला एक डाव, दिवाळीला एक डाव. दोन रात्री रहाचं. त्याबिगर मी सही नाय करनार."

साहेबांनी समजावलं, "बाई, कोर्ट किसी को मायके जाने का ऑर्डर नहीं दे सकता."

"मग एवढं मोठं कोर्ट कशाला बांधलंय?"

समोरचा वकील सावध झाला. त्याला वाटलं, यात मेख आहे. दोन रात्री मुक्काम म्हणजे ताब्याचा काहीतरी मुद्दा असणार. त्यानं सुनंदाताईंच्या नवऱ्याला फोन लावला. नवरा फोनवरून ओरडत होता, ते आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. मी ते कलम टाइप केलं, साहेबांनी खोडलं, मी पान बदललं, गुलाबबाईंनी परत विचारलं, कलम कुठंय. असं दुपारपर्यंत चाललं. शेवटी साहेब त्यांच्यासमोर जमिनीवर बसले, इस्त्रीच्या पँटसकट. म्हणाले, बाई, आज सही नाही केली तर चूलही जाईल. कायमची. मैं कुछ नहीं कर पाऊँगा.

गुलाबबाईंनी पेनाला हात लावला नाही. मला पहिल्यांदाच त्यांची भीती वाटली, की ही बाई आता उठेल आणि आपल्या पडवीत परत जाईल. मला त्यांचा भयंकर राग आला होता. मिळतंय ते घ्या की! त्या पलीकडच्या बाईला यायचं असतं तर तीन वर्षांत ती आली नसती का?

सुनंदाताई दारातच उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि वहिनीशेजारी खाली बसल्या.

"वहिनी, सही कर. असं कागदावर लिहून कोणी येत नसतं गं."

"मग कशानं येतात?"

सुनंदाताईंनी पेनचं टोपण काढलं आणि पेन वहिनीच्या बोटांत दिलं. गुलाबबाई अंगठा लावतील असं मला वाटलं होतं, मी शाईचं पॅडही उघडून ठेवलं होतं. पण त्यांनी वाकून, एकेक अक्षर काढत 'गुलाब' लिहिलं. मी आश्चर्यानं बघितलं तर म्हणाल्या, "हिच्या पाटीवर शिकले. ही पहिलीत होती तवा." सुनंदाताईंनी तिथेच तोंड फिरवलं, आणि त्या बाहेर गेल्या त्या परत आत आल्याच नाहीत. त्यांची सही वकिलानं खाली जिन्यात घेतली.

आदेश झाला. मुदतीत कुलूप उघडलं, त्यात कसूर झाली नाही. पण गुलाबबाई आदेशाची नक्कल न्यायला काही येईनात. मी दोनदा निरोप पाठवला. शेवटी दिवाळीनंतरच्या आठवड्यात मीच निघाले. बदलापूरला उतरून धरणाच्या रस्त्याची जीप धरली. नक्कल द्यायची, पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर सही घ्यायची आणि परत फिरायचं, एवढंच काम. सोबत मिठाईचा पुडा घेतला होता. रिकाम्या हातानं जायची माझी हिंमत नव्हती.

दुपारचे तीन वाजले असतील. शेतं कापून झालेली, कामगारांच्या खोल्यांना बाहेरून कुलपं, सगळे ड्यूटीवर गेलेले. अंगणात एक स्कूटी लावलेली. पुढच्या घराचं दार उघडं होतं. मी हाक मारणार, तेवढ्यात आतून गुलाबबाईंनी हात वर केला. मी उंबऱ्यातच थांबले.

स्वयंपाकघरात चूल नुकतीच विझवलेली होती. परातीत दोघींची उष्टी ताटं. भिंतीकडेला नवी गादी घातली होती, पण सुनंदाताई गादीवर नव्हत्याच. त्या खाली, सारवलेल्या जमिनीवर पालथ्या झोपल्या होत्या. ओढणी एकीकडे, चष्मा एकीकडे, गाल दंडावर दाबलेला, तोंड उघडं. केसांना तेल चोपडलेलं होतं. कोर्टातली ती मिटलेल्या ओठांची बाई हीच का, असा मला खरोखर प्रश्न पडला. गुलाबबाई उशाशी बसून सुपानं माश्या वारत होत्या.

शेजारी ठेवलेला सुनंदाताईंचा मोबाईल घरघरला. स्क्रीनवर नवऱ्याचं नाव. गुलाबबाईंनी तो उचलला, दोन्ही बाजूंनी बघितला, तो कसा गप्प करायचा ते त्यांना कळेना. मग त्यांनी शांतपणे तो तांदळाच्या डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.

मी पिशवीतून नक्कल काढली. कागद कुरकुरला तशी त्यांनी माझ्याकडे डोळे वटारून बघितलं.

"सही हवी होती," मी ओठांनीच म्हटलं.

"मग घे," त्यांनी हातानंच सांगितलं.

मी मिठाईचा पुडा उंबऱ्याशी ठेवला आणि अंगणात लिंबाखाली जाऊन बसले. मला घाई होती, संध्याकाळी साहेबांना एक अर्ज हवा होता. अधूनमधून मी मान वळवून आत बघायचे. सूप चालूच होतं. कोणी जिंकलं, कोणी काय दिलं आणि कोणाला काय मिळालं, ते मी माझ्या कोर्टाच्या भाषेत मांडून बघत होते. जमेना.

साडेपाचला शेवटची जीप मला न घेता निघून गेली, तरी सुनंदाताई उठल्या नव्हत्या.